बारा लिहिलंय, अठरा का दाखवतो?

या खेपेला पत्रं बरीच आली, आणि जवळजवळ सगळी एकाच डब्याबद्दल: घरच्या एसीचं डीसी करणारा, म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेने वाहवणारा डबा. आमच्या वेळी त्याला एलिमिनेटर म्हणायचे, आता कुणी अ‍ॅडॉप्टर म्हणतं, कुणी सप्लाय. कराडात बत्तीस वर्षं मी ट्रान्सफॉर्मर गुंडाळले, त्याआधी वडिलांच्या हाताखाली बॉबिन, म्हणजे तार गुंडाळायची रीळ, धरून बसायचे. त्यामुळे या डब्याविषयी मला जरा जास्तच बोलायला लागतं, ते चालवून घ्या. नावं छापत नाही, गाव तेवढं देते.

प्रश्न : मावशी, मी नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एसीचं डीसी करायचा सर्किट करतेय. पप्पांनी १२ व्होल्ट १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा कपॅसिटर आणून दिला. पुस्तकातल्या आकृतीप्रमाणे सगळं जोडलं. मीटर लावला तर १८.२ व्होल्ट दाखवतो. कॉम्प्युटरमधला छोटा १२ व्होल्टचा पंखा लावला की १६.३ होतात आणि पंखा फार जोरात पळतो. पप्पा म्हणतात दुकानदाराने चुकीचा ट्रान्सफॉर्मर दिला. दुकानदार म्हणतो तुमचा मीटर खराब आहे. कोण खरं? (विट्याजवळचं एक गाव)

उत्तर : आधी प्लग काढ. पंखा लावलेलाच असू दे, तो थांबला की मग पुढचं वाच.

तुझा कपॅसिटर १६ व्होल्टचा आहे आणि त्याच्यावर १८.२ व्होल्ट बसलेत. तो अजून फुटला नाही हे त्याचे उपकार. त्याच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखा काप दिसतो ना, तो शोभेचा नाही. आत वाफ कोंडली की तिथून फाटावं, बाजूने स्फोट होऊ नये, म्हणून तो ठेवलेला असतो. मी विशीत असताना एकदा दुकानात घाईघाईत कपॅसिटर उलटा जोडला, प्लसच्या जागी मायनस. वाकून बघतेय तोवर फट्. केसांत रुपेरी कागदाच्या चिंध्या, आणि तो उग्र वास दोन वेळा न्हाऊनही गेला नाही. डोळे वाचले ते चष्म्यामुळे. तेव्हा २५ व्होल्टचा आण, दहा-वीस रुपयांचा फरक आहे. शरीरावर जी पट्टी असते ती मायनसची बाजू, आणि नव्या कपॅसिटरचा लांब पाय प्लसचा.

आता भांडण मिटवू. पप्पाही चूक, दुकानदारही चूक. ट्रान्सफॉर्मर बरोबर आहे आणि मीटरही बरोबर आहे.

ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ हे एसीचे १२ आहेत. एसी सेकंदाला पन्नास वेळा शून्यातून वर जाते, परत शून्यावर येते, मग उलट्या बाजूला तेवढीच जाते. आपण १२ म्हणतो ते तिचं कामाचं माप आहे: १२ व्होल्टच्या बॅटरीने दिवा जितका तापेल तितकाच ती तापवते, एवढाच त्याचा अर्थ. तिचं टोक मात्र १२ वर नसतं, १२ गुणिले १.४१४, म्हणजे जवळपास १७ वर असतं. घरच्या २३० चंही तसंच, टोकाला ३२५ असतात. आणि कपॅसिटर हा लोभी प्राणी, तो सरासरी बघत नाही. टोकाला जेवढं मिळेल तेवढं भरून घेतो आणि धरून बसतो.

मग १७ च्या जागी १८ कसे? हे पुस्तकात नसेल, हे वाइंडिंगवाल्यांचं आहे. समज, मी तुझा ट्रान्सफॉर्मर गुंडाळतेय आणि त्या मापाच्या स्टॅम्पिंगला, म्हणजे आतल्या लोखंडी पत्र्यांना, व्होल्टमागे ८ वेढे बसतायत. प्रायमरीला, ती २३० च्या बाजूची गुंडाळी, २३० गुणिले ८, म्हणजे १८४० वेढे. सेकंडरीला, ती १२ च्या बाजूची, १२ गुणिले ८, म्हणजे ९६. पण ९६ वर थांबले तर गिऱ्हाईक परत येतं, कारण पूर्ण १ अँपिअर ओढला की तारेतच थोडे व्होल्ट खर्च होतात आणि १२ चे ११ होतात. म्हणून आम्ही आठ-दहा टक्के जादा मारतो, ९६ चे १०५ करतो. लोड, म्हणजे करंट ओढणारी वस्तू, असला की बरोबर १२. लोड नसला की १३.१. त्यात तुझ्याकडे रात्री शेतीपंप बंद झाले की लाइट २४० वर चढत असणार, म्हणजे १३.७. आता गुण १.४१४ ने : १९.४. त्यातून दोन डायोडचा टोल वजा कर, कारण चारांतल्या दोघांतूनच एका वेळी करंट जातो. डायोड फुकट कुणाला सोडत नाही, भरपूर करंट असला तर प्रत्येकी ०.७ किंवा जास्त, आणि लोड नसताना साधारण ०.५५. दोघांचे मिळून १.१ गेले, उरले १८.३. तुझा मीटर १८.२ म्हणतो. एवढा चांगला मीटर खराब म्हणणाऱ्या दुकानदाराला माझा नमस्कार सांग.

परीक्षक तुला विचारणारच, की चार डायोड कशाला, एक का नाही? तेव्हा गावातला हापसा आठव. दांडा वर-खाली, वर-खाली, दोन्हीकडे जातो, ती तुझी एसी. पाणी मात्र एकाच तोंडातून बाहेर येतं, कारण आत झडप आहे. ती झडप म्हणजे डायोड, त्याच्या ज्या टोकाला रुपेरी पट्टी असते तिकडून करंट बाहेर पडतो, उलटा आत शिरत नाही. पण हापशात बघ, एका झटक्याला पाणी येतं आणि दुसऱ्या झटक्याला दांडा नुसता मागे येतो. एक डायोड लावला तर असंच होतं, अर्धी मेहनत वाया. चार झडपा अशा बसवल्या की दांडा कसाही हलो, पाणी त्याच तोंडातून त्याच दिशेने यावं, की झाला ब्रिज. मग सेकंदाला पन्नासच्या जागी शंभर धक्के मिळतात. तरी ते धक्केच, धार नाही. धार हवी तर वर टाकी बांधावी लागते. कपॅसिटर ही टाकी.

पंखा १६.३ वर पळतोय तो काही दिवसांत किरकिरायला लागेल. त्याला १२ च हवेत, म्हणून ७८१२ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर आण. अक्षरं स्वतःकडे, पाय खाली धरलेस की डावा पाय आत येणाऱ्या व्होल्टचा, मधला मायनसचा, उजवा १२ बाहेर देणारा. त्याला आत १४ ते १४.५ तरी लागतात, तुझ्याकडे आहेत. जास्तीचे चार-साडेचार व्होल्ट तो स्वतः खातो आणि गरम होतो. पंखा ०.१८ अँपिअर ओढत असेल तर ४.३ गुणिले ०.१८, पाऊण वॉटपेक्षा थोडं वर. ऐकायला क्षुल्लक, पण एवढ्याशा तुकड्याला बोट ठेववत नाही. पाठीला दोन इंची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूने आवळ. आतल्या पायाजवळ आणि बाहेरच्या पायाजवळ एकेक छोटा कपॅसिटर मायनसला लाव, आत ०.३३ मायक्रोफॅरडचा, बाहेर ०.१ चा. नाही लावला तर नव्वद टक्के वेळा काही होत नाही. उरलेल्या वेळी रेग्युलेटर स्वतःशीच थरथरत बसतो आणि दिवस वाया जातो.

आणि २३० ची बाजू. प्रदर्शनात सर्किट प्लायवूडवर उघडं मांडायची पद्धत आहे, मला ती अजिबात मान्य नाही. सेकंडरीकडची बाजू खुशाल उघडी ठेव, पोरांना दिसू दे. ट्रान्सफॉर्मर, त्याची प्रायमरी, फ्यूज आणि वायरचे सगळे जोड मात्र प्लॅस्टिकच्या डब्यात झाकणाखाली जातील. डबा स्टीलचा नको. फ्यूज २५० मिलीअँपिअरचा, काचेचा, फेजच्या तारेत. तीन पिनांचा टॉप घे आणि अर्थची हिरवी तार ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पट्टीला बांध. डब्याच्या भोकात रबरी वायसर हवा, नाहीतर ओढाताणीत वायर सोलवटते. आतल्या बाजूला वायरला गाठ मार, म्हणजे कुणी हिसकली तरी ताण जोडावर येणार नाही.

प्रायमरी कुठली हे तारांच्या रंगावरून ठरवू नकोस, रंग ज्याचे त्याचे असतात. मीटर ओहमवर लाव. शेकड्यात ओहम दाखवेल ती प्रायमरी, एखाद-दोन दाखवेल ती सेकंडरी. हे उलटं जोडलेलं मी पाहिलंय. आवाज फार मोठा नसतो, पण घरातली लाइट जाते आणि आई ओरडते.

पहिल्यांदा चालू करताना माझ्या वडिलांची युक्ती वापर, पप्पांना सोबत घेऊन. त्यांच्या टेबलावर एक होल्डर होता, त्यात जुना पिवळा ६० वॉटचा बल्ब, तारेचा, एलईडी नव्हे. दुरुस्तीला आलेली प्रत्येक वस्तू पहिल्यांदा त्या बल्बमधून सिरीजमध्ये जोडायची, म्हणजे वीज बल्बमधून जाऊनच वस्तूला मिळायची. बल्ब विझलेला राहिला तर सगळं ठीक. भक्क पेटला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, पण काही जळलं नाही, कारण करंट बल्बने अडवला. वडिलांचा तो होल्डर माझ्याकडे अजून आहे. तसला बल्ब मात्र आता शोधावा लागतो.

प्रश्न : ताई, एसटीतून निवृत्त झालो. जुना चार सेलचा रेडिओ आहे, त्यासाठी घरीच एलिमिनेटर केला : ६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. रेडिओ चालतो पण मागे सतत घुंऽऽ असा आवाज. आवाज मोठा केला की गाण्यापेक्षा घुंऽऽच जास्त. सेलवर अगदी स्वच्छ. (रत्नागिरी)

उत्तर : दादा, टाकी लहान झाली. दोन धक्क्यांच्या मध्ये सेकंदाचा शंभरावा भाग जातो आणि तेवढा वेळ रेडिओला कपॅसिटरच पोसतो. हिशेब सोपा आहे : करंटला शंभर आणि कपॅसिटरने भागायचं. रेडिओ मोठ्याने लावला की ०.१५ अँपिअर धरा, तुमचे २२० मायक्रोफॅरड, म्हणजे ०.०००२२ फॅरड. उत्तर येतं ६.८ व्होल्ट. म्हणजे कागदावर टाकी प्रत्येक वेळी पार कोरडी पडते. खरी घट या हिशेबापेक्षा थोडी कमीच असते, पण तुमच्या कानाला ती पुरेशी आहे. २२०० चा घाला, पाऊण व्होल्टच्या आत येईल.

पण नुसतं तेवढं करू नका, कारण दुसरं दुखणं लपलेलं आहे. ६ चा ट्रान्सफॉर्मर आहे म्हणून रेडिओला ६ मिळतात असं नाही. वर विट्याच्या पोरीला सगळा हिशेब सांगितलाय. त्याच हिशेबाने हळू आवाजात तुमच्या रेडिओवर साडेआठच्या पुढे चढत असतील. जुना सेट आहे, जपा. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या आणि पुढे ७८०६, म्हणजे ६ व्होल्टचा रेग्युलेटर, बसवा. रेग्युलेटर उरलीसुरली घुंऽऽही गिळतो.

आता थोडं कान लावून ऐका, कारण घुंऽऽचे प्रकार असतात. सेकंदाला शंभर धक्क्यांचा घुमारा असेल तर कपॅसिटर कमी पडतोय किंवा वाळलाय. त्याहून खर्जातला, अगदी छातीत वाजल्यासारखा पन्नासचा असेल, तर ब्रिजमधला एखादा डायोड उघडा पडलाय किंवा त्याचा डाख सुटलाय, आणि चार झडपांचा हापसा परत एका झडपेवर आलाय. दोन-चारदा दोन्ही ऐकले की कान बसतो. आमच्याकडे कामाला असलेला पोरगा मीटर न लावता सांगायचा.

तिसरा प्रकार चमत्कारिक आहे. मीडियम वेव्हवर स्टेशन नसताना शांत, आणि आकाशवाणी बरोबर लागली की घरघर. त्याला कितीही मोठा कपॅसिटर घाला, जात नाही. डायोड चालू-बंद होताना रेडिओच्या लहरीच कापतो आणि ती घरघर स्टेशनवर स्वार होऊन येते. चारही डायोडच्या दोन पायांवर एकेक ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आडवा टाका. दहा मिनिटांचं काम.

आणि जोडण्याआधी रेडिओच्या पाठीवरचं गोलाचं चिन्ह बघा, सॉकेटची मधली पिन प्लस की मायनस ते त्यावर असतं. जुन्या सेटमध्ये पुष्कळदा मधली मायनस असते.

प्रश्न : नमस्कार. ट्रान्सफॉर्मर महाग पडतो म्हणून एका व्हिडिओत बघून २३० ला सिरीजमध्ये १ मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचा कपॅसिटर, पुढे ब्रिज, आणि एलईडीची माळ असं केलं. छान पेटते. गणपतीत असे डझनभर करून विकायचा विचार आहे. फक्त एक शंका : टेस्टर लावला तर डीसीच्या मायनसवरही पेटतो. (इचलकरंजी)

उत्तर : विकू नका.

टेस्टर पेटतो कारण ते मायनस नाही, ते तुमचं २३० च आहे. कपॅसिटरने करंट अडवला, ५० सायकलला १ मायक्रोफॅरड सुमारे ३१८० ओहमसारखा वागतो आणि ७२ मिलीअँपिअरच्या पुढे जाऊ देत नाही, म्हणून एलईडी जळत नाहीत. पण माणसाला मारायला ७२ मिलीअँपिअर पुरून उरतात. ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरी आणि सेकंडरीचा तारेने तारेला संबंध नसतो, मध्ये कागद आणि हवा असते, दोघींचं नातं फक्त लोखंडातून. ती मधली भिंत तुम्ही पाडलीत. शिवाय प्लग काढल्यावरही तो कपॅसिटर ३२५ व्होल्टपर्यंत भरलेला राहू शकतो आणि प्लगच्या पिना हाताला लागल्या की झटका देतो. स्वस्त एलईडी बल्बांत हेच सर्किट असतं हे खरं, पण ते पूर्ण बंद प्लॅस्टिकमध्ये असतं, त्याला कुणी हात लावत नाही. गणपतीची माळ ओल्या हाताने, पत्र्याच्या मांडवात, लहान पोरं ओढतात. केलेल्या माळेच्या तारा कापून टाका आणि १२ व्होल्टच्या पट्ट्या चांगल्या सप्लायवर करून विका.

प्रश्न : मॅडम, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर होता. चार डायोडचा ब्रिज केला, दोन्ही बारा ब्रिजला दिले, आणि मधल्या शून्याला ब्रिजच्या मायनसला जोडलं, कारण शून्य म्हणजे ग्राउंडच. अर्ध्या मिनिटात धूर. ट्रान्सफॉर्मर खराब होता का? (नांदेड)

उत्तर : असे ट्रान्सफॉर्मर माझ्याकडे पोत्याने यायचे. वार्निश जळल्याचा वास आला की मी विचारायचेच, "शून्य कुठे जोडला होतास?"

बाळा, ते शून्य ग्राउंड नाही, ते वाइंडिंगचं मधलं टोक आहे, बस. ब्रिजचा मायनस दोन डायोडमधून दोन्ही टोकांना जोडलेलाच असतो. वहीत काढून बघ : ज्या घडीला एक टोक मधल्यापेक्षा खाली जातं, त्या घडीला शून्यातून मायनसला, मायनसातून डायोडला, डायोडातून त्या टोकाला, असा सरळ रस्ता मोकळा होतो. वाटेत लोड कुठेच नाही. अर्धं वाइंडिंग शॉर्ट. दर अर्ध्या फेरीला एकेका अर्ध्याची पाळी.

१२-०-१२ ला दोनच डायोड लागतात. दोन्ही टोकांना एकेक, पट्टीची बाजू एकत्र केली की प्लस, आणि मधलं शून्य हाच मायनस. एकच टोल पडतो, तो फायदा. बंद असलेल्या डायोडवर मात्र दुप्पट ताण येतो, ३४ व्होल्ट. १एन४००७ हा नेहमीचा डायोड हजार व्होल्ट सोसतो, त्याची काळजी नको. ब्रिजच करायचा असेल तर शून्य मोकळं सोड आणि २४ चा ट्रान्सफॉर्मर समज. मग कपॅसिटर ५० व्होल्टचा. आणि अ‍ॅम्प्लिफायरसाठी प्लस-मायनस दोन्ही हवे असतील तेव्हाच ब्रिज आणि शून्य दोघांना घे, पण तिथे शून्य दोन कपॅसिटरच्या मधोमध जातं, मायनसला कधीच नाही.

प्रश्न : ब्रिज रेक्टिफायरला, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडच्या जोडणीला, जुने लोक ग्रेट्झ म्हणतात, ते कोण? आणि आमची लोकल पूर्वी डीसीवर होती म्हणतात. मग आता पुन्हा एसी कशाला, जर शेवटी डीसीच हवं? (डोंबिवली)

उत्तर : लिओ ग्रेट्झ हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ, त्यांनी ही रचना १८९७ मध्ये छापली. पण त्याआधीच, १८९५-९६ च्या सुमाराला, कारोल पोलाक नावाच्या पोलिश इंजिनिअरने तिचं पेटंट घेतलं होतं. नाव मात्र ग्रेट्झचं चिकटलं. तेव्हा सिलिकॉनचा डायोड नव्हता, त्यांच्या झडपा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांच्या आणि द्रावणाच्या होत्या. फ्लेमिंगची काचेची नळी आली १९०४ मध्ये. माझ्या वडिलांच्या काळात रेडिओत नळ्याच, आणि बॅटरी चार्जरमध्ये सेलेनियमच्या चौकोनी पत्र्यांची चळत. ती जळली की सडक्या मुळ्यासारखा असा वास सुटायचा की शेजारचा शिंपी मशीन थांबवून बाहेर यायचा.

लोकलचं म्हणाल तर ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. तेव्हाच्या मोटरींना डीसी सोयीची होती आणि ती करायची जड यंत्रं गाडीत मावत नव्हती, म्हणून रुळांच्या कडेच्या उपकेंद्रांत एसीची डीसी करून तारेत सोडायचे. आता तारेत २५,००० व्होल्ट एसी आहे, ती टप्प्याटप्प्याने आली, हार्बर लाइन २०१६ मध्ये बदलली. कारण पैशाचं आणि तांब्याचं. गाडीला ३००० किलोवॉट हवेत समजा. १५०० व्होल्टला २००० अँपिअर लागतात, २५,००० ला फक्त १२०. बारीक तार पुरते, उपकेंद्रं लांब लांब ठेवता येतात. आणि तुमचा प्रश्न बरोबर आहे, रेक्टिफायर गेला कुठेच नाही. तो रुळाकडेच्या इमारतीतून उठून ट्रान्सफॉर्मरसकट गाडीत येऊन बसला. नव्या गाड्यांत तर डीसीची पुन्हा तीन फेजची एसी करून मोटरींना देतात. एवढ्या उठाबशा काढून तुम्ही डोंबिवलीहून निघता, तरी दारातच उभं राहावं लागतं.

प्रश्न : ताई, जुना जड एलिमिनेटर कायम प्लगमध्ये असतो. काही जोडलेलं नसतानाही तो कोमट लागतो. मोबाइलचा चार्जर तेवढा लागत नाही. बिल वाढतं का? आणि हा जड आहे तर चार्जर एवढासा कसा? (म्हापसा)

उत्तर : कोमट लागतो म्हणजे खातो. प्रायमरी जोडलेली असली की लोखंडात दर सेकंदाला शंभर वेळा चुंबकाची उलथापालथ चालते, सेकंडरीला काही असो नसो. लहान डब्याला एखाद-दोन वॉट समजा. दोन वॉट धरले तर वर्षभरात साडेसतरा युनिट. फार नाही, पण फुकट का द्यायचे? बटण बंद करा.

चार्जर लहान कारण त्याने पायऱ्या उलट केल्या. तो आधी २३० चंच सरळ डीसी करतो, मग तिचे सेकंदाला हजारो तुकडे पाडतो, आणि त्या वेगवान तुकड्यांना चिमुकला ट्रान्सफॉर्मर पुरतो. पन्नासच्या सावकाश चालीला जेवढं लोखंड लागतं तेवढं त्याला लागत नाही. माझा धंदा त्यानेच बसवला, तरी बनवणाऱ्याचं कौतुक आहेच. फक्त तो उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, आतल्या पहिल्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट असतात.

तुमचा जड डबा टाकू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, तुमच्याकडच्या पावसात स्टॅम्पिंगला गंज धरतो आणि मग तो गुणगुणायला लागतो. तसा गुणगुणत असेलच तर चारी कोपऱ्यांचे नट-बोल्ट आवळा, वार्निश पाजा आणि दोन दिवस उन्हात ठेवा.